केरबाची ऊनपेटी

फार जुनी गोष्ट आहे. तेव्हा राज्यं लहान होती आणि वाटा लांब होत्या. अशाच एका राज्याच्या पार टोकाला, दोन डोंगरांच्या बेचक्यात, ओलवण नावाचं एक गाव होतं.

लहानथोरांनो, त्या गावाला पाण्याची ददात नव्हती. ओढे वाहते होते, माती काळी होती, पेरलं ते उगवत होतं. तिथे उणीव होती ती उन्हाची. पीक काढणीला आलं की नेमकं धुकं खोऱ्यात उतरायचं. दुपारी घटकाभर ऊन पडे, की पुन्हा झाकोळ.

लोकांच्या जमिनी म्हणजे डोंगराच्या उतारावरचे लहान लहान तुकडे. त्यांत मका पिके, भुईमूग पिके, थोडी मिरची होई. ते सारं अंगणात वाळत घालायचं, झिमझिम आली की आत ओढायचं, ऊन पडलं की पुन्हा बाहेर काढायचं. एवढी धावपळ करूनही निम्मा माल बुरशीने जायचा. शेतात दिसलेलं पीक कणगीत कधी पुरतं येतच नसे. याबद्दल कुणी कुणाला बोल लावत नव्हतं. धुक्याशी भांडणार कोण?

या गावात केरबा नावाचा सुतार राहत होता. त्याचे आईवडील तो लहान असतानाच गेले. थोरली बहीण आवडाई लग्नानंतर वर्षभरातच विधवा होऊन माहेरी परतली होती. तिनेच त्याला वाढवलं. शेताचा तुकडा ती कसायची आणि चूलही तीच सांभाळायची. केरबाला तिने लहानपणापासून रंधा आणि पटाशी धरू दिली, नांगराला हात लावू दिला नाही.

केरबाच्या हातात कसब होतं. त्याने केलेले दोन पाट शेजारी शेजारी ठेवले तर मध्ये सुई शिरत नसे. त्याच्या दाराच्या कड्या वाजत नसत. पंचक्रोशीत लोक म्हणत, "सरळ रेघ बघायची असेल तर केरबाची चौकट बघा." हे बोल केरबाच्या कानांना फार गोड लागायचे.

एके वर्षी, पावसाळा सरत आला असताना, गावदेवाची पालखी दुरुस्तीला त्याच्याकडे आली. पालखीला दोन्ही बाजूंनी अभ्रकाच्या खिडक्या होत्या. अभ्रक म्हणजे डोंगरातल्या दगडांत सापडणारे चकचकीत पापुद्रे. त्यांतून उजेड आरपार येतो. पालखी अंगणात ठेवलेली होती आणि ढगांतून थोडा वेळ ऊन पडलं होतं. आतली फळी तपासायला केरबाने हात घातला, आणि तो तसाच थांबला. बाहेर अंगावर काटा येत होता. आत मात्र चुलीपाशी बसल्यासारखी ऊब होती.

"आक्का," त्याने हाक मारली, "इकडे ये. हात घाल आत."

आवडाईने हात घातला. "गरम आहे की रे."

"ऊन आत शिरतं, पण बाहेर पडत नाही. कोंडून राहतं."

"मग आपला मकाही कोंड की त्यात," आवडाई म्हणाली आणि कामाला निघून गेली. केरबा मात्र त्याच जागी बसून राहिला.

दुसऱ्या दिवसापासून तो खटपटीला लागला. बांबूच्या कामट्यांची एक उतरती पेटी त्याने विणली. ती माती आणि शेणाने लिंपली. तळाला काजळी आणि एरंडेल कालवून काळा थर दिला. ओढ्याकाठचे अभ्रकाचे तुकडे गोळा करून ते लाखेने एकमेकांना चिकटवले आणि वर झाकण केलं. आत तट्ट्यावर परसातल्या मक्याची लवकर तयार झालेली कणसं ठेवली.

पहिल्यांदा कणसं आंबली. पेटी तापली होती खरी, पण मक्यातून निघालेली ओल आतच घुसमटली आणि झाकणाला आतून पाणी सुटलं. केरबाने चुलीकडे पाहिलं. धूर वर चढून धुराड्यातून जात होता. त्याने पेटीच्या पायथ्याशी भोकांची एक ओळ पाडली आणि वरच्या कडेला दुसरी. आता खालून वारा आत येई, तापे, आणि ओल घेऊन वरून निघून जाई.

कणसं वाळली. अंगणात घातलेल्या मक्यापेक्षा निम्म्या वेळात, आणि बुरशीचा ठिपका न पडता. आवडाईने दाणा दाताखाली धरला. कट्‌ असा आवाज झाला.

"केरबा," ती म्हणाली, "असल्या पेट्या दारोदार करून दे. बांबू आपल्या बनात आहे, माती पायाखाली आहे. कुणाला काही विकत आणायला नको."

शेजारचे तातोबा म्हातारेही पाहायला आले. त्यांनी पेटीभोवती फेरी मारली. "मला एक बांधून दे बाबा. आमचा भुईमूग दरसाल जातो."

केरबाने पेटीकडे पाहिलं. कामट्या ओलीने वाकल्या होत्या. एक कोपरा वर, एक खाली. अभ्रकाचे तुकडे माशाच्या खवल्यांसारखे एकावर एक चढलेले. त्याला ती पेटी आपली म्हणवेना.

"ही नुसती चाचणी आहे, काका. नीट करून देतो."

"अरे, वाकडी चालेल. मका काय पेटी बघायला बसतोय?"

केरबा हसला, पण पेटी त्याने बांधून दिली नाही.

त्याच आठवड्यात राजाचा कारभारी वनाची पाहणी करायला आला. केरबाचं नाव ऐकून त्याच्या अंगणात थांबला. "खुराडं छान केलंयस," तो म्हणाला. "कोंबड्या कुठे आहेत?"

आजूबाजूची माणसं हसली. केरबाच्या कानांच्या पाळ्या तापल्या. त्याने कारभाऱ्याला पेटीचं काम समजावून सांगितलं. कारभारी शहाणा होता. त्याने आत हात घातला आणि त्याचा चेहरा बदलला. "कल्पना मोठी आहे. पण हे असलं ध्यान राजापुढे कसं ठेवणार? राजवाड्यात परदेशी काच आहे, सागवान आहे. तिकडे ये आणि तुझ्या हाताला शोभेल अशी पेटी कर. मग तुझ्या गावाचंही बघता येईल."

कारभारी गेला आणि केरबाने हत्यारं बांधायला घेतली. निघायच्या सकाळी तो कुऱ्हाड घेऊन अंगणात आला.

आवडाई आडवी आली. "मोडू नकोस. राहू दे मला."

"आक्का, येणारा-जाणारा बघतो. उद्या लोक म्हणतील, केरबाच्या हाताला वळण राहिलं नाही."

"लोक काय म्हणतील ते म्हणू देत. काढणी तोंडावर आलीय."

"काढणीच्या आत येतो. काचेची घेऊन येतो. बघशील तर बघत राहशील."

"मला बघायला नकोय रे," आवडाई म्हणाली. "वाळवायला हवीय."

केरबाने घाव घातले. बांबू कडाकडा मोडला, लिंपण फुटलं. अभ्रक त्याने परसात लोटून दिलं आणि तो राजधानीच्या वाटेला लागला. त्याला वाटत होतं, आपण बहिणीसाठी आणि गावासाठीच निघालो आहोत. आणि ते अगदीच खोटंही नव्हतं.

राजधानीत त्याला हवं ते मिळालं. सागवानाच्या फळ्या मिळाल्या, पितळी बिजागऱ्या मिळाल्या, आणि पाण्यासारखी स्वच्छ काच मिळाली. केरबाने पेटी केली. तिच्यात राजाच्या बागेतली अंजिरं वाळवली. ती इतकी सुरेख वाळली, की राजाने स्वतः एक उचलून खाल्लं.

"माग, काय हवं ते," राजा म्हणाला.

"महाराज, आमच्या खोऱ्यातल्या घरोघरी अशी पेटी द्यावी."

राजाने काचकाराला बोलावलं. काचकार म्हणाला, "एवढी काच वर्षभरात दोन-तीन पेट्यांपुरती होते. आणि एका पेटीच्या किमतीत बैलजोडी येईल."

राजा वाईट माणूस नव्हता. तो केरबाला म्हणाला, "एवढी काच माझ्याकडेही नाही. पण तू कमी खर्चात करून दाखव. लाकूड देतो, जागा देतो. हवं तेवढे दिवस राहा, आणि घरी जायचं असेल तर खुशाल जा. तुला कुणी अडवणार नाही."

केरबा राहिला. त्याने काच लहान करून पाहिली, पण पेटी ठेंगणी दिसू लागली. त्याने साधं लाकूड घेऊन पाहिलं, पण त्याला रंध्याचा तुकतुकीतपणा येईना. प्रत्येक पेटीत काही ना काही त्याला खटके. एकीचं दार किंचित कुरकुरे, दुसरीची कड केसभर वर राही. मातीची आणि अभ्रकाची पेटी त्याला अधूनमधून आठवे. मग कारभाऱ्याचं 'खुराडं'ही आठवे, आणि तो पुन्हा सागवानाकडे वळे.

एके दिवशी खोऱ्याच्या वाटेने मीठ वाहणारा एक लमाण राजधानीत आला. केरबाने त्याला गावची खुशाली विचारली.

"धुकं यंदा लवकर उतरलंय," लमाण म्हणाला. "ऊन असं नाहीच. तुझ्या बहिणीने निरोप दिलाय. म्हणाली, असशील तसा ये."

केरबाच्या हातात तेव्हा पटाशी होती. दाराची कड जवळजवळ बसत आली होती. "निघतोच," तो म्हणाला. "एवढं हातासरशी उरकतो आणि निघतो."

ती कड बसली, मग बिजागरी अडली. बिजागरी सुटली, तर काचेच्या खाचेत फट दिसली. केरबा मनाशी म्हणे, अर्धीमुर्धी घेऊन गेलो तर जाणं काय कामाचं? असे दिवस निघून गेले.

लमाण परतीच्या फेरीत पुन्हा भेटला. या खेपेला तो बैलावरून उतरला नाही. "तुमची माणसं घाट चढताना दिसली," तो म्हणाला. "डोक्यावर बोचकी होती."

तेव्हा केरबाने पटाशी खाली ठेवली. तयार असलेली एकच पेटी गाडीवर घातली आणि तो निघाला.

घाटाच्या माथ्यावर त्याला तातोबा भेटले. सोबत त्यांची सून होती, तिच्या पाठीवर मूल होतं. तातोबा दगडावर टेकले होते. धुकं इतकं दाट होतं, की बैल पुढ्यात येईपर्यंत त्यांना गाडी दिसली नाही.

"काका, कुठे निघालात?"

"पलीकडच्या मुलखात. कुणाच्या तरी शेतावर राबू. गावात खायला उरलं नाही."

केरबाने गाडीवरचं कापड बाजूला केलं. "मी पेटी आणलीय."

तातोबांनी काचेवरून हात फिरवला. त्यांच्या बोटांचे ओले ठसे तिच्यावर उमटले. "देखणी आहे," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि केरबाला ते रागापेक्षा जड गेलं. "आता हिच्यात वाळवायचं काय?"

केरबाने कापड पुन्हा काचेवर ओढलं.

"आवडाई गावातच आहे," तातोबा उठत म्हणाले. "आम्हांला वाटेची शिदोरी तिनेच दिली. उभं राहवत नव्हतं तिला. तू घाई कर."

गावात शिरताना केरबाने दोन्ही बाजूंची घरं पाहिली. कितीतरी दारांना बाहेरून कड्या होत्या. त्यातल्या बऱ्याच कड्या त्यानेच बसवलेल्या होत्या. अंगणांत मक्याचे ढीग होते, हिरवट-काळे, कोंब फुटलेले. आंबूस वास धुक्यात भरून राहिला होता.

आपल्या अंगणात त्याला पेटी दिसली. मोडून टाकलेलीच ती पेटी, पुन्हा उभी केलेली. कामट्या सुंभाने बांधल्या होत्या, वर हाताने लिंपण दिलं होतं. आवडाईने परसातलं अभ्रक वेचून ते तुकडा तुकडा चिकटवलं होतं.

ती आत घोंगडीवर पडून होती. डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते, पोट फुगलं होतं, आणि हातपाय काड्यांसारखे वाळले होते.

"आलास," ती म्हणाली.

"आलो, आक्का."

"जेवलास का कुठे वाटेत?"

केरबा तिच्या उशाशी बसला. ती सांगू लागली. "तुझी पेटी मी उभी केली. तापली चांगली. मला वाटलं, जमलं. शेजाऱ्यांना हाका मारल्या. त्यांच्याकडचा चांगला मकाही मागून घेतला आणि सगळा तिच्यातच घातला. पण तो आंबला रे. बाहेर ठेवला असता तर थोडा तरी वाचला असता. लोक काही बोलले नाहीत. पण त्यांचा घास माझ्या हाताने गेला."

केरबाने दारातून पेटीकडे पाहिलं. पायथ्याशी भोकं दिसत नव्हती.

"भोकं कुठे गेली, आक्का?"

"ती होय. बुजवली मी. धुकं आत शिरेल म्हणून चांगली माती लावून बुजवली." तिने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. "चुकलं का काही?"

केरबाला खोटं बोलावंसं वाटलं. पण या बाईशी तो आजवर कधी खोटं बोलला नव्हता.

"ओल त्याच भोकांतून बाहेर जायची," तो म्हणाला.

आवडाईने नजर आढ्याकडे वळवली. "मग तेवढं सांगून जायचं होतंस," ती म्हणाली.

शेजारणीने नंतर केरबाला सगळं सांगितलं. जी थोडी कणसं धड राहिली होती, ती आवडाईने गाव सोडणाऱ्यांच्या पदरात घातली, मुलंबाळं असलेल्यांना आधी. स्वतः बुरशीचा मका धुऊन, दळून, भाकरी करून खात राहिली. "कडू लागतो," एवढंच म्हणायची. शेजारीण म्हणाली, "आम्ही सांगितलं, नको खाऊस. तर म्हणाली, माझ्या हाताने नासला, मीच संपवते."

वैद्य आला, पाला देऊन गेला. त्याचा उपयोग झाला नाही. एका दुपारी घटकाभर ऊन पडलं होतं, ते उंबऱ्यापर्यंत आलं होतं. केरबा आवडाईला पाणी पाजायला वाकला, तेव्हा ती गेलेली होती.

तेराव्यानंतर केरबा अंगणात उतरला. त्याने आवडाईच्या पेटीची भोकं मोकळी केली, आतली घाण काढली, आणि गावात उरलेल्यांकडे जे काही थोडं ओलं धान्य होतं ते मागायला गेला. पहिल्या घरी बाईने दार अर्धंच उघडलं.

"पुन्हा नासलं तर?" ती म्हणाली.

"माझ्याबरोबर या आणि पेटीपाशी बसा," केरबा म्हणाला. "वाळेपर्यंत उठू नका. नासतंय असं वाटलं तर काढून घ्या."

ती आली आणि बसली. धान्य वाळलं. तिने ते ओच्यात भरलं आणि ती घरी गेली. दुसऱ्या दिवशी तिचा नवरा बांबू घेऊन आला.

त्यानंतर केरबाने दुसरं काम घेतलं नाही. राहिलेल्या प्रत्येक घराच्या अंगणात त्याने माती-बांबूची पेटी उभी केली. गावाने तिला ऊनपेटी म्हणायला सुरुवात केली. कामट्या वाकल्या तर तो त्या सरळ करत बसला नाही. पेटी बांधायच्या आधी तो घरातल्या सगळ्यांना समोर बसवी आणि भोकं कशासाठी आहेत ते सांगे. मग त्यांच्याकडून ते वदवून घेई, म्हाताऱ्यांकडून आणि पोरांकडूनही. एक पेटी तो बांधून देई, दुसरी त्यांना बांधायला लावी. काचेच्या पेटीचे त्याने भाग सुटे केले. काच दोन घरांत वापरली, सागवानाच्या फळ्या ज्याला लागतील त्याला दिल्या.

एके दिवशी राजधानीहून कारभारी आला. राजाला पाहुण्यांना दाखवायला आणखी एक पेटी हवी होती. केरबा मातीने भरलेल्या हातांनीच उभा राहिला. "महाराजांना माझा नमस्कार सांगा," तो म्हणाला. "म्हणावं, इथली काढणी तोंडावर आलीय."

कारभाऱ्याने अंगणातली पेटी पाहिली. या वेळी तो कोंबड्यांविषयी काही बोलला नाही.

पुढच्या हंगामात धुकं आलं, नेहमीसारखंच. दुपारी घटकाभर ऊन पडलं, तेही नेहमीसारखंच. पण मका वाळला, भुईमूग वाळला. मिरचीचा रंग थोडा फिका पडला, त्याचं कुणाला काही वाटलं नाही. ओलवणमध्ये त्या वर्षी कुणी उपाशी राहिलं नाही.

ही बातमी घाटापलीकडे गेली, तेव्हा काही कुटुंबं परतली. त्यांनी दारांच्या कड्या काढल्या, चुली सारवल्या. बाकीची परतली नाहीत. तातोबा परक्या मुलखातच वारले, असं त्यांची सून सांगत आली. ज्यांचं कुणीच आलं नाही, त्यांच्या शेतात गवत माजलं आणि त्यांच्या बांधांच्या खुणाही बुजून गेल्या.

केरबाच्या घरी त्या वर्षी पहिल्यांदाच कणगी काठोकाठ भरली. तो दोन वेळा भाकरी भाजे. ती कधी करपे, कधी कच्ची राही. पुढची काढणी आली, तरी कणगी अर्ध्याच्या खाली गेली नव्हती. घरात खाणारं दुसरं माणूसच नव्हतं.

लहानथोरांनो, एवढंच ध्यानात ठेवा: उद्याच्या देखण्या मदतीपायी आजची ओबडधोबड मदत अडवून ठेवू नये, कारण भूक उद्याची वाट पाहत नाही.